माळरानावर चर खणण्याआधी : वन आणि महसूल विभागांना खुले पत्र

प्रति,
वन विभाग आणि महसूल विभाग,
महाराष्ट्र राज्य.

विषय : गवताळ माळरानांवरील वृक्षलागवड थांबवून तेथील वन्यजीवांना व पशुपालकांना संरक्षण देण्याबाबत.

महोदय,

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील एका गावातून हे पत्र लिहीत आहे. गावाच्या वरच्या अंगाला सरकारी मालकीचे मोठे माळरान आहे. येत्या पावसाळ्यात त्यावर रोपवन घ्यायचे ठरले असून त्यासाठीचे चर उन्हाळ्यातच यंत्राने खणून घेतले जातील, ही माहिती आम्हाला ग्रामसभेत मिळाली. तोवर जागेची पाहणी झाली होती, अंदाजपत्रक तयार होते आणि कोणती रोपे लावायची तेही ठरले होते. त्या माळावर कोणते प्राणी राहतात, कोणते पक्षी अंडी घालतात, गवत कोणते येते आणि त्यावर कोणाची जनावरे जगतात, याविषयी एक ओळही त्या कागदांत नव्हती. संबंधित कार्यालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांनी वरून आलेले उद्दिष्ट पुरे करण्याची तयारी केली, एवढेच. उद्दिष्ट ठरते आपल्या पातळीवर, म्हणून हे पत्र आपल्याला आहे. आणि असे माळ राज्यात अनेक ठिकाणी असल्यामुळे ते सर्वांनी वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा या माळाशी संबंध जन्माचा आहे. आमचे घर मेंढपाळांचे. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा आमचा मुक्काम, कोकणाकडे उतरायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचा आणि पुढचे चार महिने मेंढरे याच माळावर चरायची. मी शिकले, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागले. माझे चुलते आणि त्यांची मुले आजही मेंढरे राखतात. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी या भागातील लांडग्यांवर संशोधन करणाऱ्या अभ्यासकांना मदत करते. कॅमेरा ट्रॅपमधील कार्डे बदलणे, विष्ठेचे नमुने कागदी पाकिटांत भरून त्यावर जागा आणि तारीख लिहिणे, वाड्यावाड्यांवर जाऊन कोणाचे कोकरू कधी गेले ते विचारणे, अशी ती कामे असतात. त्यामुळे ज्या जमिनीला आपल्या नकाशांवर रिकामी जागा समजले जाते, तिच्यावर रात्री काय काय वावरते हे मी पाहिलेले आहे. एकाच कॅमेऱ्यात, एकाच पायवाटेवर, एका रात्रीत खोकड, तरस आणि लांडग्यांची जोडी येऊन गेलेली मी पाहिली आहे, आणि त्याच वाटेवर पहाटे मेंढरांचा कळपही येऊन गेला आहे.

माझी पहिली तक्रार जमिनीच्या वर्गवारीविषयी आहे, कारण पुढचे सारे नुकसान तिथून सुरू होते. इंग्रजांच्या काळापासून महसुलाच्या दृष्टीने जमिनीचे मोल पिकावरून आणि इमारती लाकडावरून ठरले. ज्या जमिनीवर दोन्ही नाही ती पडीक. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी बदलली नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशावलीत आजही खुरट्या झुडपांची, गवताची हजारो चौरस किलोमीटर जमीन याच सदरात दाखवली जाते. एकदा ती पडीक ठरली की तिचा उपयोग करून दाखवणे हे प्रत्येक खात्याचे कर्तव्य होऊन बसते, मग ते रोपवन असो, सौरप्रकल्प असो की औद्योगिक वसाहत.

माळ म्हणजे पूर्वी दाट जंगल होते, कुऱ्हाडीने आणि मेंढरांनी ते उजाड केले, असे समजून त्यावर झाडे लावली जातात. दख्खनच्या या भागापुरती तरी ही समजूत चुकीची आहे. येथे वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत, आणि खाली काळा कातळ आहे. अशा ठिकाणी निसर्गतः गवत वाढते आणि त्यात विखुरलेली हिवर, बाभूळ, बोर, खैर यांची झाडे असतात. मराठीतील जुन्या ओव्या, पोथ्या आणि लोककथा यांमधील झाडाझुडपांचे उल्लेख एकत्र करून आपल्याच राज्यातील अभ्यासकांनी नुकतेच दाखवून दिले आहे की पश्चिम महाराष्ट्रातील ही गवताळ राने किमान साडेसातशे वर्षे अशीच आहेत. ज्या काळात या मुलखात माणसांची वस्ती आजच्या मानाने अगदी विरळ होती, त्या काळातील वर्णनांतही काटेरी झाडे आणि मोकळी राने भेटतात. या रानांना जंगलाचा अवशेष मानून दुरुस्त करायला निघणे हे शास्त्राला धरून नाही.

दुसरी तक्रार प्रत्यक्ष कामाची आहे, आणि तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहू द्यावे, कारण चर खणल्याने नेमके काय होते हे कार्यालयात बसून कळण्यासारखे नाही. आमच्या माळावर मातीचा थर कुठे वीतभर आहे, कुठे चार बोटे. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. त्या चार बोटे मातीत पवना, मारवेल आणि कुसळी यांची ठोंबे मुळांची जाळी विणून बसलेली असतात. वरचे गवत वाळले, कापले गेले, चरून संपले तरी ती ठोंबे जिवंत राहतात आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठवडाभरात फुटतात. यंत्राचा फावडा ही माती उलथून तळाशी टाकतो आणि तळाचा पांढरट मुरूम वर काढून चराच्या काठाने त्याचा वरंबा रचतो. शेजारच्या एका गावात असे काम काही वर्षांपूर्वी झाले. त्या वरंब्यांवर आजही पवना परतलेला नाही. तिथे गाजरगवत आणि टाकळा आहे. चरांत लावलेल्या रोपांपैकी बरीचशी दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. जगले ते बहुतांशी गिरिपुष्प, म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेले झाड, ज्याच्या पाल्याला आमची मेंढरे तोंड लावत नाहीत आणि ज्याच्या दाट सावलीत माळाचे गवत विरळ होत जाते. कागदोपत्री मात्र ते रोपवन यशस्वी आहे, कारण जिवंत रोपांची टक्केवारी भरली.

कामाची वेळही तितकीच घातक आहे. चर खणायचे ते मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे पावसाआधी. नेमक्या याच दिवसांत धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. धाविक घरटे बांधतच नाही. खड्यांमध्ये, वाळलेल्या लेंड्यांच्या शेजारी त्याची दोन-तीन अंडी पडलेली असतात, मातकट, काळसर ठिपक्यांची. पाय ठेवण्याआधी वाकून पाहिले नाही तर अनुभवी माणसालाही ती दिसत नाहीत. यंत्र चालवणाऱ्याला ती दिसणार नाहीत, आणि दिसावीत अशी अपेक्षाही कोणी त्याच्याकडून केलेली नाही. तितर, लावे, चंडोल, पखुर्डी यांचीही वीण जमिनीवरच होते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात थव्याने उतरतात आणि दिवसा माळावरचे नाकतोडे, टोळ व छोटे पक्षी खातात. त्यांना मुक्कामासाठी गवत हवे. त्याच्या जागी उभ्या केलेल्या गिरिपुष्पाच्या रांगांचा त्यांना उपयोग नाही.

चिंकाऱ्याचेही तसेच. हा प्राणी बोरीचा पाला, शेंगा आणि गवत यांतील ओलाव्यावर पाण्याविना दिवसेंदिवस राहू शकतो, पण दूरवर दिसणे आणि वेगाने पळता येणे यांवाचून तो जगू शकत नाही. ओळीने खणलेले चर, त्यांच्या काठचे वरंबे आणि रोपवनाभोवतीचे तारेचे कुंपण यांमुळे त्याची पळवाट अडते आणि मागे लागलेल्या कुत्र्यांना तो कोपऱ्यात सापडतो.

तिसरी तक्रार लांडग्याविषयी. जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे की भारतीय द्वीपकल्पातील लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिशय जुन्या वंशशाखांपैकी एक आहे. देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ निघाली. म्हणजे ज्याच्यासाठी आपण राखीव क्षेत्रे, विशेष दले आणि स्वतंत्र प्राधिकरण उभे केले त्या वाघापेक्षा लांडगे कमी आहेत. कायद्याने दोघेही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पण वाघाला जंगल मिळाले आणि लांडग्याच्या वाट्याला पडीक म्हणून नोंदलेली जमीन आली, जिच्यावर उद्या काय होईल याची कोणालाच शाश्वती नाही.

या भागातील अभयारण्ये त्याला पुरणारी नाहीत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, कर्जत तालुक्यातील काळविटांचे रेहेकुरी अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे. लांडग्यांच्या एका कळपाला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर मुलूख लागतो. तो दिवसा ओढ्याच्या घळीत किंवा माळावरच्या झुडपांत पडून राहतो, रात्री शेतांतून, वाड्यांच्या कडेने, रस्ते ओलांडत फिरतो, आणि हिवाळ्यात पिल्ले होतात तेव्हा एखाद्या शांत माळावरच्या बिळापाशी महिनोन्महिने बांधला जातो. सोलापूरजवळील नान्नज परिसरात १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांतून आणि पुढे रेडिओ कॉलर लावून मिळालेल्या माहितीतून हे सारे आपल्या विभागाला ठाऊक आहे. कॉलर लावण्याच्या परवानग्या आपणच दिल्या होत्या. मग एकीकडे आपण परवानगी दिलेले संशोधन सांगते की हा प्राणी उघड्या माळांवर जगतो, आणि दुसरीकडे त्याच माळांच्या कार्ययोजनेत त्या संशोधनाचा मागमूस नाही, हे कसे?

माळ तुकड्यातुकड्याने कमी झाला की लांडगा गावाजवळ येतो, आणि गावाजवळ कुत्री असतात. आमच्याकडे कोंबड्यांच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या पोती भरून ओढ्यात टाकल्या जातात. तिथे कुत्र्यांची झुंड जमते आणि रात्री लांडगेही येतात. यातून डिस्टेंपर आणि रेबीजसारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्याजवळच्या लांडग्यांमध्ये कुत्र्यांशी संकर झाल्याचा जनुकीय पुरावा मिळाला. लांडग्याच्या अंगी कुत्र्याचे रक्त येऊ लागले की गोळी न झाडता, सापळा न लावताही ही जात संपू शकते. त्यावर उपाय कोणी एक खाते करू शकणार नाही, हे मला समजते. पण ओढ्यात पोती टाकणाऱ्याला नोटीस देणे आणि माळालगतच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी करणे यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.

लांडग्याविषयी लिहिताना मेंढपाळाचे नुकसान मी झाकून ठेवणार नाही. लांडगा कोकरू नेतो, कधी एका रात्रीत वाघुरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणात, शिरून चार-पाच मेंढरे फाडतो, आणि ज्याची मेंढरे जातात त्याचे वर्ष बिघडते. तरीही आमच्या लोकांनी विष घालून लांडगे संपवायचा विचार केला नाही. माझी आजी म्हणायची की रानात राहायचे तर लांडग्याचा वाटा बाजूला काढूनच मेंढरे मोजावीत. परंतु ही सहनशीलता कायम गृहीत धरता येणार नाही. शासनाची नुकसानभरपाई आहे, पण ती मिळण्यासाठी ठरलेल्या मुदतीत कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो, मेलेले जनावर जागेवर असावे लागते. ज्याचा वाडा आज एका शिवारात आणि परवा दुसऱ्या तालुक्यात आहे, ज्याच्याजवळ जमिनीचा उतारा नाही, त्याने हे कसे पार पाडावे? २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, त्यानंतर आमच्याकडेही भ्रमणध्वनीवरून भीती पसरली, आणि या भीतीच्या काळात कोणताही अधिकारी वाड्यांवर येऊन बोलला नाही. चराई बंद करायची, माळाला कुंपण घालायचे, भरपाई द्यायची नाही आणि वर लांडग्यावर प्रेम करायला सांगायचे, हे चालणार नाही. मेंढरे आणि लांडगे एकाच माळावर शतकानुशतके राहिले आहेत. माळ गेला तर दोघांनाही जावे लागेल.

हे सारे का घडते, याचे कारण माझ्या मते कोणाचा वाईट हेतू नसून उद्दिष्टांची मोजपट्टी आहे. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचे संकल्प केले. एवढ्या रोपांना जागा कुठे आहे? जिथे आधीच झाडे आहेत तिथे नाही, शेतकऱ्याच्या रानात नाही, म्हणून माळावर. एखाद्या प्रकल्पासाठी दूरवरचे जंगल तुटले की त्याची भरपाई करण्यासाठीही माळच शोधला जातो. २०२३ मधील हरित पतपुरवठ्याच्या (ग्रीन क्रेडिट, म्हणजे झाडे लावल्याबद्दल श्रेयगुण देण्याच्या) नियमांनी त्यात आणखी एक दार उघडले. एका परिसंस्थेच्या नाशाची भरपाई दुसऱ्या परिसंस्थेच्या नाशाने करण्याचा हा प्रकार आहे. कार्बन साठवण्याचे कारण दिले जाते, पण गवताळ रानाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. तिथे तो वणव्यातही टिकतो. चर खणून आपण तोच उघडा पाडतो.

माझा झाडांना विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नये. रस्त्याच्या कडेला, गावठाणात, शाळांत, शेताच्या बांधावर आणि सह्याद्रीतील खरोखर तुटलेल्या जंगलांत झाडे लावावीत. आमच्या शाळेतील मुलेही लावतात. प्रश्न फक्त जागेचा आहे.

माळढोकाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९७९ मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, कागदावर केवढे तरी मोठे, आणि पुढे ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळ ऊस, रस्ते, वीजतारा यांखाली गेला, आणि आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास संपलेला आहे. तणमोर हा गवताळ रानातला पक्षीही त्याच वाटेवर आहे. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातील लोक त्याच्या विणीच्या जागा शोधून राखण्यास मदत करीत आहेत, म्हणून निदान तिथे आशा आहे. लांडगा आणि चिंकारा यांच्याबाबतीत अजून वेळ गेलेली नाही.

आपल्याच विभागाने या दिशेने काही चांगले केले आहे, त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशातील सफारी सुरू झाली. तिथे लोक पैसे देऊन चिंकारा आणि लांडगा पाहायला येतात आणि स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात. एका ठिकाणी जो माळ पाहण्यासारखा आहे, तसाच माळ वीस-तीस किलोमीटरवर खणून टाकण्यासारखा कसा ठरतो, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगता येत नाही.

म्हणून माझ्या, आणि या पत्राला ग्रामसभेत पाठिंबा देणाऱ्या शेतकरी व मेंढपाळांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आमच्या माळावरील चर खणण्याचे काम यंदा सुरू करू नये. आधी निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे वीण, पावसाळा आणि हिवाळी स्थलांतर हे तिन्ही काळ धरून, तिथल्या गवतांची, पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची पाहणी जाणकारांकडून करून घ्यावी आणि तिचा अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा.

राज्यातील गवताळ माळरानांचे नकाशे तयार करून महसुली नोंदींत त्यांना पडीक न म्हणता स्वतंत्र वर्ग द्यावा, आणि त्या वर्गातील जमीन वृक्षलागवड, भरपाई वनीकरण किंवा हरित पतपुरवठ्यासाठी वापरण्यास मनाई करावी. वनीकरणाच्या निधीतून गवताचे पुनरुज्जीवन, स्थानिक बियाण्यांचा संग्रह आणि गिरिपुष्प व सुबाभूळ काढून टाकणे ही कामे करता यावीत, असे नियम करावेत. यशाचे मोजमाप जिवंत रोपांऐवजी तिथे कोणती गवते आली आणि कोणते प्राणी परतले यावरून व्हावे.

मार्च ते ऑगस्ट या काळात कोणत्याही माळरानावर यंत्राने खोदकाम करू नये.

फिरत्या मेंढपाळांसाठी नुकसानभरपाईची पद्धत सोपी करावी: भ्रमणध्वनीवरील छायाचित्र आणि जवळच्या वनरक्षकाची किंवा पोलीस पाटलाची नोंद पुरेशी मानावी, अर्ज कोणत्याही तालुक्यात स्वीकारावा आणि रक्कम ठरावीक दिवसांत खात्यात जमा करावी. माळाची योजना ठरवताना मेंढपाळांना सभेत बोलावून नव्हे, त्यांच्या वाड्यावर जाऊन विचारावे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलेले आहे. निदान या वर्षात तरी याची सुरुवात व्हावी.

माळालगतच्या गावांत कुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी यांची मोहीम पशुसंवर्धन विभाग आणि ग्रामपंचायतींसह सुरू करावी, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकण्यास प्रत्यक्षात आळा घालावा.

शेवटची मागणी अशी की, शासनाच्या परवानगीने या भागात आजवर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष प्रत्येक वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात मराठीत उपलब्ध असावेत आणि कार्ययोजना करताना ते विचारात घेतल्याची नोंद त्या योजनेत असावी. वनरक्षकांपैकी अनेक जण कळकळीचे आहेत. त्यांच्या हाती ही माहिती असेल तर ते वरिष्ठांना अडवून विचारू शकतील.

या पत्राची प्रत ग्रामसभेच्या ठरावासह आपल्या दोन्ही विभागांकडे रीतसर पाठवत आहोत. चर खणण्याचे काम सुरू होण्याआधी लेखी उत्तर मिळावे. आपल्यापैकी कोणी जागेवर येणार असेल, तर माळ दाखवायला मी आणि आमच्या वाड्यावरची माणसे येऊ. पहाटे पाचला निघावे लागेल, म्हणजे ऊन चढण्याआधी चिंकारा, धाविक आणि लांडग्यांचे माग हे सारे पाहून होईल.

आपली,
पूर्व पुणे जिल्ह्यातील एक विज्ञान शिक्षिका